मदत हवी आहे: ऊसतोड महिलांवरच्या पीएचडीसाठी संख्यात्मक आणि गुणात्मक पद्धती नीट शिकायच्या आहेत

मांजराकाठ

नमस्कार मंडळी,

समाजशास्त्रात पीएचडी करतेय. सिनॉप्सिस विद्यापीठाच्या संशोधन समितीत (आरआरसीत) मंजूर झालाय, कोर्सवर्क उरकलंय. विषय आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिला आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया. २०१९ साली हे प्रकरण विधिमंडळात गाजलं आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. शंभरात जवळपास सतरा. हा आकडा सगळ्यांनी छापला. मला जाणून घ्यायचंय ते हे, की बाई त्या निर्णयापर्यंत पोचते कशी. डॉक्टर काय सांगतो, घरात कोण काय म्हणतं, पैसे कोण उचलून देतं.

घोडं अडलंय पद्धतीपाशी. गाईड सर म्हणतात, चारशे प्रश्नावल्या भरून घ्या, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरला टाका, काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध तपासणारी चाचणी) काढा, वर वीस केस स्टडी लावा, झाली मिक्स्ड मेथड. सर प्रेमळ आहेत, पण विभागातले जुने प्रबंध चाळले तर बहुतेकांत चारशेच. असं का, ते कोणी लिहिलेलं नाही. कोर्सवर्कच्या पेपरला ‘संशोधनाचे प्रकार स्पष्ट करा’ आलं होतं, ते पाठांतरावर निभावलं. गणित दहावीनंतर सुटलंय.

तर विचारायचंय असं: चारशे हा आकडा येतो कुठून? ऊसतोड कामगारांची पक्की यादीच माझ्या हाती नसताना नमुना काढायचा कशातून? ओळखीचे एक मुकादम, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या पुरवणारे ठेकेदार, आहेत, ते म्हणतात ‘पाहिजे तेवढ्या बाया उभ्या करतो’. ते चालेल का? आणि मुलाखती घेतल्यावर पुढे काय करतात? म्हणजे बोलण्याच्या त्या ढिगातून निष्कर्ष कसे निघतात? संख्याशास्त्र शून्यातून शिकायला कुठून सुरुवात करू, तेही सांगा. शिकवणी मराठीत मिळाली तर सोन्याहून पिवळं.

दुपारचा चहा

शिकवणीपुरतं सांगतो. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर सामाजिक संशोधन पद्धतीचे कोर्स फुकट असतात, फी फक्त परीक्षेची. दुसरं, आयसीएसएसआरच्या (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या) अनुदानातून विद्यापीठांत आणि संस्थांत पीएचडीवाल्यांसाठी दहा दिवसांच्या रिसर्च मेथडॉलॉजी कार्यशाळा होतात. जाहिरातींवर लक्ष ठेवा. तिथल्या व्याख्यानांपेक्षा जेवणाच्या सुट्टीत भेटणारी माणसं जास्त कामाची ठरतात, हा फुकटचा सल्ला.

बाकी मुकादमाच्या हातून नमुना? अजिबात नको.

मध्यक

ताई, चारशेचं आधी सांगतो, कारण तुम्ही विचारलंत तरी. बहुतेक जण विचारतही नाहीत.

नमुना किती मोठा घ्यायचा यासाठी यामाने यांचं एक सूत्र आहे: एकूण लोकसंख्येला (१ अधिक लोकसंख्या गुणिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग) याने भागायचं. लोकसंख्या १,००,००० आणि चुकीची मर्यादा ५ टक्के धरा. ०.०५ चा वर्ग ०.००२५, लाखाने गुणला की २५०, त्यात एक मिळवून २५१. लाखाला २५१ ने भागलं की ३९८. झाले चारशे! लोकसंख्या दहा लाख धरली तरी चारशेच्या पुढे जात नाही. दुसऱ्या सूत्राने ३८४ येतात, ते १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.००२५. बीजगणित तेच, १.९६ च्या जागी २ धरला की पुन्हा चारशे.

पण हे सूत्र एकच वचन देतं: एखादी टक्केवारी, म्हणजे किती जणींची शस्त्रक्रिया झाली, ही अधिक-उणे ५ च्या आत सांगता येईल. तेही नमुना साधा यादृच्छिक असेल तरच, म्हणजे प्रत्येक बाईला निवडलं जाण्याची संधी सारखी असेल तर. तुम्ही वीस गावं निवडून प्रत्येक गावात वीस बायका घेतल्या तर ती अट मोडते. एकाच गावातल्या बायका एकाच दवाखान्यात जातात, एकमेकींचं ऐकतात, त्यामुळे वीस जणींकडून वीस जणींइतकी नवी माहिती मिळत नाही. याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. तो २ धरला तर चारशेचे आठशे होतात. आणि शस्त्रक्रिया झालेल्या व न झालेल्या बायकांची तुलना करायची असेल तर हिशेब आणखी वेगळा: सतरा टक्के धरले तर चारशेत शस्त्रक्रिया झालेल्या जेमतेम ६८ निघतील. त्यांची वय, शिक्षण, जात अशी फोड केलीत की काय-स्क्वेअरच्या चौकटी रिकाम्या पडायला लागतात. कुठल्याही चौकटीतली अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली की त्या चाचणीवर फार विसंबू नये.

यादीचं म्हणाल तर ती स्वतः करावी लागते. पहिल्या पायरीला गावं निवडायची, जनगणनेच्या गावयादीतून, मोठ्या गावाला निवडीची संधी जास्त मिळेल अशा रीतीने. त्या गावांत घरोघर फिरून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची नोंद करायची आणि त्या नोंदीतून चिठ्ठ्या टाकायच्या. जनगणना २०११ ची आहे, जुनी झाली, तरी आधाराला चालते. वेळ मात्र सांभाळा. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघाल्या की गावात घरांना कुलपं. हे काम उन्हाळ्यात परतल्यावरच.

आता शिकण्याविषयी. पुस्तकातल्या तयार उदाहरणांवर संख्याशास्त्र शिकू नका, तुमच्या विषयाच्या खऱ्या डेटावर शिका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात चौथ्या फेरीपासून (२०१५-१६) गर्भाशय काढल्याबद्दल थेट प्रश्न आहेत: झालं का, कधी, सरकारी की खाजगी दवाखान्यात, कारण काय. पाचव्या फेरीत देशभरातल्या ७,२४,११५ महिलांच्या मुलाखती आहेत. वैयक्तिक पातळीवरचा डेटा नोंदणी करून मागता येतो. महाराष्ट्र वेगळा काढा, वयोगटाप्रमाणे साधी टक्केवारी काढा, मग तीच भार लावून, म्हणजे नमुन्यात कमी-जास्त आलेल्या गटांना त्यांच्या खऱ्या प्रमाणात वजन देऊन, पुन्हा काढा. फरक का पडला हे कळलं की नमुना निवडीचं अर्धं शास्त्र आलं समजा. सॉफ्टवेअर म्हणून जामोव्ही घ्या, फुकट आहे, एसपीएसएससारखंच दिसतं. भार आणि गावांचे गट नीट हाताळायची वेळ येईल तेव्हा ‘आर’कडे वळा. सरासरी, प्रमाण विचलन, क्रॉस-टॅब, विश्वासांतर, मग लॉजिस्टिक रिग्रेशन, या क्रमाने. घाई नको.

आणखी एक. चौथ्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा २.६ टक्के होता, १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये. तो आणि बीडचा सतरा टक्के शेजारी ठेवून पेपरवाले मोकळे झाले. तुम्ही तसं करू नका. पाहणीतल्या महिलांचा वयोगट तोच होता का, आधी बघा. वय वाढत जातं तसं प्रमाण वाढणारच, कारण एकदा काढलेलं परत येत नाही. आणि हे ऊसतोडीमुळे होतंय म्हणायचं असेल तर त्याच गावांतल्या, त्याच वयाच्या, ऊसतोडीला न जाणाऱ्या बायका तुलनेला हव्यात. त्यांच्यातही प्रमाण तितकंच निघालं तर बोट उसाकडे नाही, त्या भागातल्या दवाखान्यांकडे जाईल.

पायवाट

मध्यक यांनी आकड्यांचं चोख सांगितलंय. मी मुलाखतींवर येते, त्यात बरीच वर्षं गेली आहेत.

वीस केस स्टडी म्हणजे वीस बायकांची एकेक पानी चरित्रं नव्हेत. प्रबंधात शेवटी ती लोणच्यासारखी वाढलेली असतात, कोणी त्यावर जेवत नाही. गुणात्मक काम आधी करा, प्रश्नावलीच्या आधी. दहा-बारा मुलाखती घ्या आणि मग प्रश्नावली बांधा, नाहीतर चुकीचे प्रश्न चारशे वेळा विचारून याल.

एकच उदाहरण देते. प्रश्नावलीत हमखास असतं: ‘तुमची दिवसाची मजुरी किती?’ ऊसतोडीत बाईला याचं उत्तरच नसतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, दर टनावर ठरतो, हिशेब मुकादम ठेवतो आणि पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती पडतात. तिची वेगळी मजुरी कागदावर कुठेच नाही. ती म्हणेल ‘काय म्हाईत’, तुमचा सर्वेक्षक लिहील ‘माहिती नाही’ आणि एसपीएसएसमध्ये ते रिकामं खातं होऊन बसेल. खरं तर तुमच्या प्रबंधातली सगळ्यात मोठी माहिती त्या रिकाम्या खात्यात आहे. तसाच खाडा. पाळीत अंगावरून जात असताना फडावर गेली नाही तर खाडा पडतो आणि त्याचा दंड कोयत्याच्या नावावर चढतो. मग तुमचं मोजमापाचं एकक बाई की कोयता? आत्ताच ठरवा.

मुलाखत घेताना आसपास कोण आहे ते दर वेळी लिहून ठेवा. सासू दारात असेल तर उत्तर वेगळं, मुकादम बांधावर असेल तर आणखी वेगळं. मुकादमाने उभ्या केलेल्या बाया म्हणजे मुकादमाला ज्यांची खात्री आहे त्या बाया, म्हणून दुपारचा चहा बरोबर बोलले. पहिलाच प्रश्न ‘पिशवी काढली का’ असा टाकू नका. दिवसाचं विचारा, किती वाजता उठता, पाणी कुठून आणता, मोळी कोण बांधतं, गाडीवर कोण चढवतं. दुखण्याचा विषय ती स्वतः काढेल. नाही काढला तर तो तिचा हक्क. संमती फक्त अंगठा घेऊन होत नाही, मधेच थांबता येतं हे तिला कळलं पाहिजे. विद्यापीठाच्या नैतिकता समितीचं पत्रही आधी घ्या, दवाखान्यांची नावं बाहेर येणार आहेत.

‘ढिगाचं’ काम असं. रेकॉर्डिंग ऐकून शब्दशः उतरवायचं, तिच्याच बोलीत. ‘पिशवी सडली आसं डॉक्टर म्हनला’ याचं ‘गर्भाशयाला संसर्ग झाल्याचे सांगण्यात आले’ केलंत की सांगणारा डॉक्टरच वाक्यातून गायब झाला. मग समासात खुणा, म्हणजे कोडिंग: ‘कर्करोगाची भीती’, ‘उचल अंगावर’, ‘आता लेकरं झाली, काय उपयोग’. वीस-तीस पानं झाली की खुणा एकमेकींना चिकटायला लागतात, त्यातून आशयसूत्रं तयार होतात. ब्राउन आणि क्लार्क यांचा २००६ चा लेख मिळवा, त्यात सहा टप्पे सोपे करून दिलेत. महागडं सॉफ्टवेअर नको, एक्सेलमध्ये होतं. नव्या मुलाखतीतून नवी खूण निघेनाशी झाली की थांबा, वीस हा काही पवित्र आकडा नाही. तुमच्या सूत्रांत न बसणारी बाई मुद्दाम शोधा, चौघींनी सांगूनही जिने काढून घेतली नाही ती.

आणि रोजच्या रोज प्रत ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या म्हैसूरजवळच्या गावाच्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डच्या आगीत गेल्या. त्यांनी पुढे आठवणीवर पुस्तक लिहिलं, पण ते श्रीनिवास होते.

मांजराकाठ

वाचून डोकं गरगरलं, पण छान वाटलं. कोयत्याचं तर घरात बघत मोठी झालेय, तरी माझ्या मसुदा प्रश्नावलीत अकरावा प्रश्न अगदी तोच आहे, मजुरीचा. काढते.

एकच शंका. गुणात्मक आधी, मग सर्वेक्षण, असं केलं तर सर विचारतील गृहीतकं कुठायत. सिनॉप्सिसमध्ये तीन लिहिलीत.

मध्यक

राहू द्या तिथेच. ती सर्वेक्षणाच्या भागाची. मुलाखतींच्या भागाला गृहीतक लागत नाही, संशोधन प्रश्न लागतो, आणि दोन्ही एका प्रबंधात असण्यात काही गैर नाही. मुलाखतींनंतर एखादं बदलावंसं वाटलं तर सर्वेक्षण सुरू करण्याआधी बदला, तारीख घालून सरांची सही घ्या. डेटा बघून झाल्यावर गृहीतक बदललं तर मात्र ती लबाडी, मग पी-व्हॅल्यू (निकाल निव्वळ योगायोग असण्याची शक्यता जोखणारा आकडा) कितीही देखणी असो.

पायवाट

सरांना सांगताना ‘तुमची पद्धत बदलतेय’ म्हणू नका. पायलट, म्हणजे लहानशी चाचणी फेरी, करतेय म्हणा. दहा मुलाखती पायलट म्हणून कोणीही मंजूर करतं. आणि आताच पायलट करायचा असेल तर टोळ्या निघायच्या आत गाठा, नंतर सांगली-कोल्हापूरच्या फडांवर त्यांच्या मागे फिरावं लागेल.