ग्रुप ‘आपली मंडळी’: कुत्र्याचा विषय

शनिवार, ५ जुलै

आजी, ८:४१: सर्वांना नमस्कार. मी आजी नाही, मनू आहे. मला फोन नाही म्हणून आजीच्या फोनवरून लिहितेय (तो वेगळा विषय, नंतर). आजचा विषय कुत्रा. आईने "घरात हा विषय बंद" असं म्हटलंय. ग्रुपवर बंद असं म्हटलेलं नाही.

काका, ८:४३: शाब्बास! वकील होणार ही.

काका, ८:४४: हस्की घ्या. निळे डोळे. माझ्या मित्राकडे आहे, काय रुबाब म्हणता!

ओमदादा, ८:४६: मामा, हस्की सायबेरियात बर्फावरून गाड्या ओढायला वाढवलेला कुत्रा आहे. डोंबिवलीत मे महिन्यात तो फरशीला पोट लावून एसीकडे बघत बसेल.

आत्या, ८:४७: आणि एसी एकाच खोलीत आहे. म्हणजे दादा हॉलमध्ये झोपणार.

बाबा, ८:५०: मला चालेल. आईला विचार.

आई, ८:५१: हे "मला चालेल" दर वेळी बरं जमतं हो तुम्हाला.

आई, ८:५१: मनू, फोन आजीला दे.

आजी, ८:५३: देते. पण आधी कारणं लिहून दे ना. तोंडी तू "नाही म्हणजे नाही" म्हणतेस. ते कारण नाही.

काका, ८:५३: 😂😂

आई, ९:२४: घे लिहून. मी ७:५२ ची लोकल पकडते आणि संध्याकाळी दारात पाय ठेवते तेव्हा साडेसात होऊन गेलेले असतात. तू शाळा आणि क्लास. म्हणजे दिवसभर कुत्रा आणि आजी. आजीच्या पायात आला आणि त्या पडल्या तर? गणपतीला आपण पाच दिवस चिपळूणला, तेव्हा तो कुठे? दिवाळीत फटाके. पावसात ओला कुत्रा आणि त्याचा वास, चारही खोल्यांत. शिवाय मी सोसायटीची खजिनदार आहे. प्रत्येक मीटिंगला दोनच विषय असतात, पार्किंग आणि कुत्र्यांची शी. पाच वर्षं मी त्या दुसऱ्या विषयावर लोकांना नोटिसा पाठवतेय. आता मीच कुत्रा आणू?

आई, ९:२६: आणि गिटार पलंगाखाली आहे. कराटेचा पट्टा अजून पांढराच आहे. गप्पी माशांचं पाणी शेवटचे आठ महिने कोण बदलत होतं, ते विचार स्वतःला.

आजी, ९:३१: मासे ही माझी चूक आहे. कराटेचे सर बदलले होते.

काकू, ९:३३: वहिनी, आमच्याकडे मांजर आहे, तिचं काहीच करावं लागत नाही बघा.

आई, ९:३४: तुमच्याकडे अंगण आहे गं.

आजी, ९:३६: ओमदादा तू सांग. तू परळला जनावरांचाच डॉक्टर होतोयस.

ओमदादा, ९:५८: सांगतो, पण तुला आवडणार नाही. मामीचं बरोबर आहे. तुला लॅबचं (लॅब्रॅडॉरचं) पिल्लू हवंय ना? सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुढच्या, जवळपास चार महिन्यांचं होईपर्यंत. मध्ये तिसऱ्या महिन्यात रेबीजची. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर फिरवायचं नाही, कारण पार्व्हो नावाचा आजार पिल्लांना दोन-तीन दिवसांत संपवतो. म्हणजे तोवर शी-शू घरात. रात्री दोनला उठायचं. चपला, चार्जर, सोफ्याचा कोपरा, सगळं चावणार. आणि लॅब दहा-बारा वर्षं जगतो. तू आता बारा वर्षांची. म्हणजे तो जाईल तेव्हा तू बावीस-चोवीस.

आई, १०:०२: म्हणजे पहिली चार-पाच वर्षं मनूचा. मग बाई कॉलेजला, होस्टेलला. उरलेली वर्षं माझा.

आत्या, १०:०५: ओम माझा मुलगा असून असं बोलतोय हे मला आवडलेलं नाही, पण खरं आहे.

आजी, १०:०६: फोन देते आजीला.

रविवार, ६ जुलै

आजी, ७:१५: आषाढी एकादशीच्या शुभेच्छा. मी आजी. खरी. काल या कुत्र्याच्या नादात साबुदाणा भिजत घालायला विसरले, आता वऱ्याच्या तांदळावर भागवा. देवघरात येता कामा नये, एवढंच माझं म्हणणं. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, सगळं खरं. पण नामदेवांच्या घरी सोफा नव्हता.

काकू, ७:२०: 🙏🙏 रामकृष्ण हरी

आजी, ११:४०: मी मनू. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा पाण्यावरून घसरले, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. त्यांच्या ब्रुनोला कोण फिरवणार म्हणून आजी (त्यांच्या) रडत होत्या. मी म्हटलं मी फिरवीन. सकाळी सहा आणि संध्याकाळी सात. आईला विचारलं, ती म्हणाली बघू किती दिवस टिकतं.

आई, ११:४४: म्हणाले खरी. रस्त्यावर नाही, फक्त आवारात. आणि हात धुवायचे.

बुधवार, ९ जुलै

आजी, ६:५५: मनू. दिवस ३. धो धो पाऊस. छत्री मी धरली होती, भिजलो दोघेही. ब्रुनोला पावसात शू करायची नसते, तो पार्किंगच्या खांबाशी उभा राहून माझ्याकडे बघतो. वीस मिनिटं लागली.

काका, ७:३०: नोकरी लागली म्हणायची!

मंगळवार, १५ जुलै

आजी, ७:०२: दिवस ९. शी उचलली. वर्तमानपत्राने, मग पिशवी. पहिल्या दिवशी उलटी आली होती, आता नाही येत. आई, तुझ्या नोटिशीत लिहिलंय की मालकाने स्वतः उचलावी. मी मालक नाही तरी उचलते.

आई, १०:१५: आणि पहिल्या तासाला वर्गात झोपल्याचा बाईंचा निरोप आलाय, तो पण टाक ग्रुपवर.

आजी, ८:२०: टाकते. झोपले होते. भूगोल होता.

मंगळवार, २२ जुलै

आजी, ७:१०: दिवस १६. आज मी उठले नाही. गजर बंद करून झोपले. आजोबांनी डाव्या हाताने पट्टा धरून नेलं ब्रुनोला, खाली शेवाळ आहे तरी. मी आत्ता जाऊन सॉरी म्हटलं. कोणी सांगायच्या आधी मीच सांगतेय.

ओमदादा, ७:४०: 👍

आत्या, ७:४२: होतं गं सोन्या.

आई, ७:५८: दुसरा गजर माझ्या फोनवर लावते. पण उठायचं तूच.

शनिवार, २६ जुलै

आजी, ७:४५: मनू. एक तक्रार आहे. ब्रुनो लिफ्टमध्ये होता म्हणून बाबा आत आलेच नाहीत. पाचव्या मजल्यापर्यंत जिन्याने गेले. म्हणे व्यायाम. बाबा, तुला चालेल ना रे कुत्रा?

काका, ७:५२: दादाला आणि कुत्रा चालेल? 😂 वहिनी, तुम्हाला सांगितलं नाही का त्याने?

बाबा, ७:५३: अरे जाऊ दे ना.

काका, ७:५६: पाचवीत होता. चिपळूणला बाजारपुलाजवळ पोटरीला चावलं होतं. आईने जखमेत तिखट भरलं. मग सरकारी दवाखान्यात रोज एक, पोटात, चौदा इंजेक्शनं. मी सोबत जायचो. तो ओरडायचा, मी बाहेर बसून शेंगदाणे खायचो.

आजी, ८:००: मी आजी. तेव्हा सगळे तिखटच भरायचे.

ओमदादा, ८:०८: आजी, आता कोणी असं करू नका हं, सगळ्यांनाच सांगतो. तिखट, हळद, चुना काही नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट दवाखाना. पोटातली इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. आता दंडात देतात, पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४, २८ असे दिवस असतात. ते चुकवायचे नाहीत, कारण रेबीजची लक्षणं दिसली की मग जवळजवळ काहीच करता येत नाही. मामाची भीती उगाच नाही.

आई, ८:१५: एक मिनिट.

आई, ८:१६: म्हणजे "नाही" तुम्हाला म्हणायचं होतं. आणि "आईला विचार" म्हणून वाईट मी व्हायचं. तीन आठवडे मी एकटीच मुलीशी भांडतेय.

बाबा, ८:२१: मुलीसमोर काय सांगू, की बापाला कुत्र्याची भीती वाटते?

आजी, ८:२२: मी मनू आहे. मी वाचतेय.

आत्या, ८:२३: 🙈

आजी, ८:२४: बाबा, ब्रुनो दहा वर्षांचा आहे. त्याचे वरचे दोन दात पडलेत.

बाबा, ८:२६: उरलेले किती आहेत?

ओमदादा, ८:२७: कुत्र्याला सगळे धरून बेचाळीस असतात. दोन वजा कर.

बुधवार, ३० जुलै

आई, ७:४०: (फोटो) तुमचे बाबा. ब्रुनोचा पट्टा धरून दहा मिनिटं उभे आहेत. हात किती लांब ठेवलाय बघा. गॅसची गळती तपासायला आल्यासारखे.

काका, ७:४२: दादा!!!

बाबा, ७:५५: पाऊस थांबला होता म्हणून गेलो होतो.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

ओमदादा, ९:१०: मामी, आता मी विषय काढू का? पिल्लू नको हे माझं मत तेच आहे. पण ओळखीत एक कुत्री आहे. देशी, तीन वर्षांची, कानाला खाच आहे म्हणजे नसबंदी झालेली. लसी झाल्यात. घरात राहायची सवय आहे, मालक परदेशी गेले. शी-शू बाहेरच करते. आधी पंधरा दिवस ठेवून बघता येईल, नाही जमलं तर मी परत नेईन.

आई, ९:१८: सोसायटी?

ओमदादा, ९:२२: प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना आहेत. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. घाण मात्र मालकाने उचलावी.

आई, ९:२३: ते वाचलंय मी. मीच नोटिशीत घातलंय. मी विचारतेय की लोक मला काय म्हणतील.

आत्या, ९:२५: म्हणतील खजिनदारबाई सुधारल्या.

काका, ९:२७: गणपतीला इकडे आणा बिनधास्त, अंगण आहे. फक्त रेल्वेत फर्स्ट एसीचा कूपे तरी मिळायला हवा, नाहीतर गार्डच्या डब्यात ठेवतात म्हणे.

आई, ९:२८: भावजी, अजून कोणी हो म्हटलेलं नाही.

आजी, ९:३०: मनू. मी काहीच बोलत नाहीये.

आई, ९:३१: म्हणूनच काळजी वाटतेय.

आई, ११:४८: ओम, जागा आहेस का? ती गोचिडांची गोळी देतात ना, ती दर महिन्याला की तीन महिन्यांतून एकदा?

ओमदादा, ११:५०: दोन्ही मिळतात मामी. वजन बघून सांगतो.

आजी, ११:५१: वाचलं मी.

आई, ११:५१: मनू, झोप. किती वाजले?

आजी, ११:५२: अगं मी आजी आहे. मनू केव्हाच झोपली. देवघराला दार लावून घ्या फक्त, तो सुतार परवा येणारच आहे.

बाबा, ११:५५: मला चालेल.

आई, ११:५५: तुम्हाला अजून विचारलेलं नाही.