मिसळीच्या कोड्यानं गणित गोड होतंय व्हय?

बिनचूक_करवीरकर
पालकांच्या सगळ्या ग्रुपांवर सध्या एक पोस्ट फिरतीय, 'गणिताची भीती घालवा, रोजच्या कोड्यांतून'. त्यातलं पहिलंच कोडं: "राजू तीन मित्रांना घेऊन कोल्हापुरात मिसळ खायला गेला. १४ पाव आले. तिघांनी सारखे पाव खाल्ले, राजूने प्रत्येकापेक्षा २ जास्त. तर राजूने किती?"

आता मला सांगा, कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव? इथं ब्रेडचे स्लाइस येतात बाबा. म्हणजे लिहिणाऱ्यानं इथं मिसळ खाल्लेलीच नाही. आणि तरी खाली लिहायचं 'खऱ्या आयुष्यातलं गणित'!

पण राग त्याचा नाही. हे उदाहरण आमच्या वेळीही होतंच, फक्त तेव्हा आंबे होते. आंबे काढले, पाव ठेवले, वर 'मजा' असं लेबल. ज्या पोराला समीकरण जमत नव्हतं त्याला अजूनही जमत नाही, वर भूक लागली ती वेगळीच.

कोड्यात मजा येते ती अडकण्यात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथातले भुंगे बघा. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, त्या दोन्हींतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेत भिरभिरतोय. एकूण किती? रोज कोण भुंगे मोजतं? तरी पावणेनऊशे वर्षांनी माणूस पेन्सिल शोधतो. तेव्हा 'रोजचं आहे म्हणून गोड' हे सूत्रच मुळात पोकळ आहे.

मास्तरीणबाई
वर्गात उभं राहून बोला मग. मी तालुक्यातल्या शाळेत चौथीला शिकवते. परवा फळ्यावर ६.५ आणि ६.०५ लिहिलं, मोठी कुठली विचारलं. निम्मा वर्ग म्हणाला ६.०५, कारण त्यात आकडे जास्त! मागच्या बाकावरचं एक पोरगं, एरवी तोंड उघडत नाही, ते म्हणालं, "बाई, डेअरीत दुधाला फॅट सहा पॉइंट पाच लागला तर आई गप असती. सहा पॉइंट शून्य पाच लागला की दिवसभर म्हशीला शिव्या." संपला दशांश अपूर्णांक. डेअरीच्या स्लिपनं शिकवला, मी नाही. तुमचे भुंगे त्याच्या काय कामाचे?

बिनचूक_करवीरकर
बाई, हे कोडं नव्हे, त्याच्या घरातली स्लिप आहे. तुम्ही रचलंय कुठं? आणि पोस्टवाल्यानं तर ते नक्कीच रचलेलं नाही. ही हुशारी तुमच्या पदरात घालतो, त्याच्या नाही.

मास्तरीणबाई
पदरात घालताय, उपकार झाले. मिसळीचं कोडं वाईट आहे म्हणून सगळी कोडी वाईट, हे कुठलं तर्कशास्त्र?

लक्ष्मीपुरीवाले_काका
तुम्ही दोघं भांडा. मूळ रोग वेगळाच आहे. पोरांना पाढे येत नाहीत. आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकलेली माणसं. औट म्हणजे साडेतीन. सात औटं साडेचोवीस, झोपेत सांगतो. धान्याच्या दुकानात उभं आयुष्य गेलं. हल्ली दुकानातलं पोरगं साडेतीन किलोचे पैसे काढायला मोबाईल काढतं, आणि मोबाईल काढला की पहिल्यांदा मेसेज बघतं. कोडी कसली घालताय, छडी घ्या.

एमएच०९_भिंगरी
काका, छडीनं औटकी आली आणि गणिताचं नाव काढलं की पळ काढणारी अख्खी पिढी तयार झाली, त्यात आमचा बाप एक.

रस्त्यावरची कुठलीही नंबरप्लेट घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. समजा ३५२४. आकडे उतरते लावा, चढते लावा, वजा करा. ५४३२ वजा २३४५, ३०८७. पुन्हा तसंच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता पुढं कितीही करा, ६१७४ च. कुठलीही प्लेट घ्या, फार तर सात वेळा वजाबाकी करावी लागते. देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी हे शोधलं, शाळेत शिकवत होते ते. माझी भाची सिग्नलला हेच करत बसती. वजाबाकी घोकावी लागली नाही, बिनबोभाट पक्की झाली.

ऊसकरी_शिरोळ
नंबरप्लेटा मोजा निवांत. आमचं रोजचं कोडं मी घालतो, सोडवा की कुणीतरी. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, टनाला ३५५० रुपये, सव्वादहा टक्के उताऱ्याला. उतारा म्हणजे उसातनं किती टक्के साखर निघते ते. त्याच्या वर उतारा गेला की दर ०.१ टक्क्याला क्विंटलमागं ३.४६ जादा. उतारा समजा १२. टनाला किती?

एमएच०९_भिंगरी
फरक १.७५, म्हणजे साडेसतरा टप्पे. टनाला टप्प्याचे ३४.६०. म्हणजे ६०५.५०. एकूण ४१५५.५०. सोपं की.

ऊसकरी_शिरोळ
नाद खुळा. आता यातनं तोडणी-वाहतूक वजा कर. किती ते कारखाना सांगणार. उतारा गेल्या हंगामाचा धरायचा का चालू, त्यावर आंदोलनं झाली. आणि वजन? मी एकदा बाहेरच्या काट्यावर ट्रॉली घातली, मग कारखान्याच्या काट्यावर. वाटेत ऊस हवेत विरला म्हणायचा. कारखान्याचं नाव घेत नाही, सगळ्यांना ठाऊकाय.

लक्ष्मीपुरीवाले_काका
काटा मारणं हा विषय इथं नको. गणिताचा धागा आहे.

ऊसकरी_शिरोळ
काका, गणिताचाच आहे. आणि धान्यबाजारातल्या माणसानं काट्यावर बोलू नये, आमची जोंधळ्याची पोती पण तिथंच उतरायची.

लक्ष्मीपुरीवाले_काका
तोंड सांभाळून. आमच्या दुकानात तराजूला कधी पासंग नव्हता.

ऊसकरी_शिरोळ
मी तुमच्या दुकानाचं नाव घेतलं? टोपी कुणी उचलली बघा.

एमएच०९_भिंगरी
भावांनो, मारामारी रंकाळ्यावर करा, इथं नको.

बिनचूक_करवीरकर
भांडू द्या. या धाग्यात मिसळीपेक्षा जास्त गणित आत्ता झालं. ऊसकऱ्याच्या कोड्यात निम्मे आकडे दिलेलेच नाहीत, कुणाकडनं मागायचे तेही कळत नाही. पोस्टवाल्याच्या कोड्यात मात्र सगळं ताटात वाढलेलं.

पुराचंच घ्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. तासाला दोन इंच चढतंय म्हटलं की ग्रुपवर त्रैराशिक सुरू: ४ फूट म्हणजे ४८ इंच, २४ तासांत धोका. आणि तसं होत नाही. पाणी पात्राबाहेर पडून शेतात पसरलं की तेवढ्याच पाण्यानं पातळी कमी चढते. धरणाचे दरवाजे उघडले की परत हिशेब बदलतो. २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेलं, त्रैराशिकवाले माळ्यावर बसले होते. त्रैराशिक कुठं लावायचं नाही, हे पोरांना विचारा. मग रोजचं म्हणा.

मास्तरीणबाई
चौथीला? पाण्याचा पसारा? बरं. जुलैत पातळ्या फळ्यावर लिहून घेते आणि उद्याचा अंदाज प्रत्येकाला लिहायला लावते. पण मग ते कोडंच झालं की हो, तेही रोजचं! सकाळपासनं कोण नको म्हणत होतं?

बिनचूक_करवीरकर
मी पावाला नको म्हणत होतो.

ऊसकरी_शिरोळ
बाई, अंदाज काढून झाला की पोरांना एवढंच विचारा, पंचनाम्यात एकर किती गुंठ्यांचा लिहितात ते. आम्ही लहानपणी ४० शिकलो होतो.