मदत हवी आहे: आफ्रिकन कलेची क्युरेटर व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. म्युझिऑलॉजीत एम.ए. करून दोन वर्षं एका छोट्या संग्रहालयात नोंदणीचं काम करतेय. गेल्या पावसाळ्यात गोदामात एक वीतभर लाकडी मूर्ती हाती लागली. रजिस्टरात एवढंच: 'आफ्रिकन बाहुली, लाकूड, १ नग'. कुणी दिली, कधी आली, काही नाही. नाक-डोळे झिजून गुळगुळीत, पण केसांच्या खाचांत निळं काहीतरी. फोटो आईला दाखवला तर म्हणाली, "अगं, ही तर कपड्यांची नीळ!"

शोधलं, तर आईचा अंदाज बरोबर असावा. नायजेरियातल्या योरुबा लोकांत जुळ्यांपैकी एक मूल गेलं की त्याची मूर्ती कोरून घेत. तिला 'एरे इबेजी' म्हणतात. त्या मुलाची आई मूर्तीला न्हाऊमाखू घालायची, भरवायची. चेहरा झिजतो तो त्यामुळे. केसांना झाडाची नीळ लावत, पुढे रेकिटची धुण्याची नीळही आली. आम्ही ज्याला 'बाहुली, १ नग' म्हणतोय ते कुणाचं तरी गेलेलं लेकरू. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न असे. पीएच.डी.शिवाय या क्षेत्रात कुणी उभं करतं का? लंडनचं सोआस विद्यापीठ आणि इंग्लंडमधल्याच ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचं सेन्सबरी रिसर्च युनिट ही नावं काढून ठेवलीत, फीचा आकडा बघून लॅपटॉप मिटलाय. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमने आफ्रिकन कलेच्या क्युरेटरपदी एक गोरी अभ्यासक नेमली तेव्हा केवढा गदारोळ झाला. मग माझ्यासारखीला कुठे बसवणार? मुलाखतीत जंजिऱ्याचे सिद्दी, मलिक अंबर यांचा धागा जोडला तर चालेल, की ओढूनताणून वाटेल?

(घरचे म्हणतात, आधी अजिंठा बघ. तो मुद्दा सोडून बोला प्लीज.)

प्रतिसाद

मोठ्या संग्रहालयांत पीएच.डी. बहुतेक लागतेच. पण आधी भाषा. योरुबा शिकायला आजच सुरुवात करा. माली-काँगोकडे वळणार असाल तर फ्रेंच.

मलिक अंबर इथिओपियाचा, तुमची मूर्ती नायजेरियाची. दोन्ही एका दमात सांगितलंत की तुम्हीही 'आफ्रिकन, १ नग'च लिहिलंत. सिद्दी हा वेगळा, चांगला विषय आहे, पण वेगळा.

आणि हे काम फक्त प्रदर्शनं मांडायचं नाही. इंग्रजांनी १८९७ मध्ये आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर लुटलं, त्यातल्या पुढे जर्मनीत पोचलेल्या वीसेक वस्तू जर्मनीने डिसेंबर २०२२ मध्ये नायजेरियाला परत केल्या. वस्तू कुणाच्या हातातून कुणाकडे गेली, हे जुन्या पत्रांतून, लिलावाच्या याद्यांतून खणून काढणं हेच खरं काम. ते करायला तुम्हाला व्हिसा लागत नाही, ती मूर्ती समोर आहे. तळ बघितलात का? विक्रेते तिथे चिठ्ठ्या चिकटवत. हातमोजे घाला मात्र, जुन्या लाकडावर आर्सेनिक मारलेलं असू शकतं.

धागाकर्ती

तळाला अर्धी फाटलेली चिठ्ठी आहे! मी ती धूळ समजून पुसणार होते. सोमवारी बघते.