अनुभव धागा: चित्राचं वर्णन करताना कोणते शब्द वापरता?

एका संस्थेच्या फोटोंसाठी मी पर्यायी मजकूर लिहिते, म्हणजे ज्यांना फोटो दिसत नाही त्यांना ऐकू येणारं वर्णन. चार फोटो झाले की 'सुंदर', 'नयनरम्य', 'विहंगम' संपतात आणि प्रत्येक वाक्य 'दिसत आहे'वर येऊन टेकतं. ज्यांना चित्र शब्दांत मांडावं लागतं त्यांनी लिहा. नुसती प्रतिशब्दांची यादी नको, शब्द कुठे कामी आला तेही सांगा.

येवला, पैठणीविक्री
व्हॉट्सॲपवर फोटो टाकला तरी गिऱ्हाईक विचारतंच, "ताई, रंग नक्की कसा हो?" प्रत्येक मोबाइलवर तो वेगळा दिसतो ना. 'निळा' म्हणून भागत नाही. मोरपंखी की चिंतामणी ते सांगावं लागतं. आज्यांकडे सगळं तयार होतं: अंजिरी, गुलबक्षी, श्रीखंडी, विटकरी. 'लाइट ऑरेंज' लिहिलं की शंभर प्रश्न, 'अबोली' लिहिलं की थेट ऑर्डर. नक्षीचंही तेच. 'आकर्षक पदर' कोणीही लिहील. मी लिहिते, 'पदरावर बांगडीच्या गोलात मोर, काठात मुनिया म्हणजे पोपट'.

पुणे, जन्मापासून दृष्टिहीन
माझा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आधीच 'चित्र' म्हणून सांगतो. त्यावर 'या चित्रात आपल्याला दिसते की' कशाला? आधी कोण आहे, काय करतंय ते येऊ द्या. आणि 'डोळ्यांचे पारणे फेडणारे' ऐकून माझ्या पदरात काय पडतं? त्यापेक्षा क्रियापदं नेमकी द्या. 'हसणारी मुलगी' म्हणजे कशी? गालातल्या गालात, खुदकन, की खो खो? तिन्ही मुली वेगळ्या. काही जण आमच्यासाठी म्हणून रंग गाळतात. कृपा करून गाळू नका. रंग मी पाहिलेला नाही, पण लग्नातल्या गप्पांत शालू कोणत्या रंगाचा हे मलाही बोलायचं असतं.

डहाणू, शिक्षक
वारली चित्र सांगताना 'भौमितिक आकार' म्हटलं की वर्ग जांभया देतो. एका पोराने माणसाच्या धडाला 'डमरू' म्हटलं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, अगदी बरोबर! तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरच्या नाचालाही 'गोलाकार' पुरत नाही. तारपावाला मध्ये आणि नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती वळत जाते, म्हणून 'वेटोळं'. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढं सांगितलं की रंगांचं काम संपलं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून आमच्याकडे चित्रं बघायला पाहुणे येतात आणि सगळे एकच शब्द बोलतात: 'अमेझिंग'.

वृत्तपत्रातले एक उपसंपादक
'छायाचित्रात डावीकडून' सोडलं तर बाकी 'दिसत आहेत' मी सरसकट उडवतो. 'पुराच्या पाण्यातून जाताना नागरिक दिसत आहेत' नको. 'कमरेएवढ्या पाण्यातून गॅसची टाकी डोक्यावर घेऊन निघालेला तरुण'. जागाही तेवढीच लागते.

छत्रपती संभाजीनगर, गाइड
अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राला सगळे 'भावपूर्ण' म्हणतात. मी तो शब्द वापरतच नाही. मान कललेली, पापण्या खाली, उंच मुकुट, उजव्या हाताच्या बोटांत कमळ. भाव ऐकणारा आपला आपण लावतो.

पुणे, पुन्हा मीच
येवल्याच्या ताई, मुनिया काठ किती रुंद असतो? बोटांत सांगा.

येवला
साडीसाडीवर आहे. तुम्ही म्हणताय तर यापुढे मोजून लिहीन. आज दुकानात चार बोटांचा आहे, मोरपंखी.