टर्बो डिझेलचं 'जरासं' ऑइल गळतंय: गणपतीनंतर बघू की आधी दुरुस्त करून घेऊ?

घाटवाट
गाडी अकरा वर्षांची, छोटं टर्बो डिझेल इंजिन (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा), १,३२,००० किमी. महिनाभर झाला, पार्किंगच्या फरशीवर सकाळी रुपयाएवढा डाग दिसतो. सर्व्हिस सेंटरला दाखवली. रॅम्पवर चढवून पाच मिनिटांत निकाल: "टर्बो गेलाय सर, अख्खा बदलावा लागेल." ५८,००० आणि लेबर वेगळं. आमच्या गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, "घाम आहे साहेब, या वयात येतोच. ऑइल बघत राहा आणि चालवा."

मी मेकॅनिकच्या बाजूने आहे. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवून ठिपके मोजले, दहा-बारा भरले. वीस थेंबांचा साधारण एक मिलि. म्हणजे रात्रीचा अर्धा मिलि, वर्षाला पाव लिटरसुद्धा नाही. ऑइल मोजायच्या डिपस्टिकच्या वरच्या आणि खालच्या खुणेत जवळपास लिटरभराचं अंतर असतं. एवढ्यासाठी ५८ हजार? दोन आठवड्यांवर गणपती आलेत. पुण्याहून कुंभार्लीमार्गे चिपळूण, चार माणसं, डिकी भरून सामान. जाऊन येतो, मग बघतो.

बारा_तेराचा_पाना
असहमत. हिशोब बरोबर आहे, मोजलंय मात्र भलतंच. पुठ्ठ्यावर पडलं ते उभ्या गाडीचं ऑइल. चालत्या इंजिनात ऑइलचं प्रेशर ३-४ बारपर्यंत जातं. टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी वर एका बोल्टने आवळलेली असते, दोन बाजूंना तांब्याचे वॉशर. गळती तिथून असेल तर रात्री थेंब-दोन थेंब, आणि दुसऱ्या गिअरवर चढ चढताना पिचकारी. तीही कुठे, तर कित्येकशे अंश तापलेल्या टर्बोच्या अंगावर. बॉनेटमधून जळकट वास येतो का? आधी ते सांगा.

आणि टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो. बहुतेक गाड्यांत त्याला छर्ऱ्यांचं बेअरिंग नसतं, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तिथलं ऑइल तुटलं तर दुरुस्तीला काही उरत नाही.

जुना_डिझेलवाला
पानाभाऊ, घाबरवू नका माणसाला. तीस वर्षं डिझेल चालवतोय. लाखाच्या वर गेलेलं इंजिन बाहेरून कोरडं ठणठणीत असेल तर ते कालच धुतलंय असं समजावं. माझा अनुभव उलटा आहे. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग जरा ओलं म्हणून उघडायला लावलं, तर उष्णतेने कडक झालेली ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला गॅस सोडणारी, नळी हातात तुटून आली. वायरिंगच्या दोन क्लिपा मोडल्या. कामाला अर्धा दिवस म्हणाले होते, गाडी नऊ दिवस उभी. प्रवास तोंडावर असताना इंजिन उघडू नये. एक लिटरचा डबा डिकीत टाका, दर दोनशे किमीला डिपस्टिक बघा.

मालवणी_मसाला
आमच्या वाडीत एका जीपचं इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळायला लागलं होतं. चावी काढून हातात घेतली तरी बंद होईना, निळसर धुराने अख्खी वाडी भरली. शेवटी ड्रायव्हरने वरचा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडला, तेव्हा गचका खाऊन थांबलं. तेव्हापासून टर्बो आणि ऑइल हे दोन शब्द एकत्र ऐकले की मी गाडीतून उतरतो.

जुना_डिझेलवाला
तो प्रकार वेगळा. तिथे टर्बोचं सील आतून जातं आणि ऑइल हवेबरोबर इंजिनात शिरतं. यांचं फरशीवर पडतंय.

रेटून_बोला
एवढा ऊहापोह कशाला? लीक बंद करणारी बाटली मिळते, ओता. किंवा २०डब्ल्यू-५० टाका, घट्ट ऑइल कमी गळतं.

बारा_तेराचा_पाना
नका ओतू! ती बाटली रबरी सील फुगवते. तांब्याच्या वॉशरला ती काय फुगवणार? आणि घट्ट ऑइल सकाळी थंड इंजिनात टर्बोपर्यंत उशिरा पोहोचतं. पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच.

चेंबर_नट
दोघं भांडताय, पण गळतंय कुठून हे अजून कुणाला माहीत आहे का? ऑइल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे उडतं. सर्वात ओली जागा म्हणजे गळतीची जागा नव्हे. टॅपेट कव्हरमधून गळणारं ऑइल टर्बोवर उतरतं आणि बिल टर्बोच्या नावावर फाटतं.

घाटवाट, इंजिन थंड असताना डिग्रीझरने ती बाजू धुवा, कोरडी करा आणि संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर मारा. हो, बाळाला लावतात तीच. वीस किमी फिरवून आणा आणि टॉर्च मारून बघा, पावडर वरून पहिली कुठे भिजली ते.

ब्रीदरही तपासून घ्या. टर्बोची सीलं रबराची नसतात, पिस्टन रिंगसारखी बारीक धातूची कडी असतात. टर्बोतलं वापरलेलं ऑइल रिटर्न नळीतून आपल्या वजनाने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. ब्रीदर तुंबला की इंजिनातल्या गॅसला वाट राहत नाही, ऑइल खाली उतरायचं अडतं आणि त्या कड्यांतून बाहेर पडतं. अशा वेळी नवा टर्बो बसवला तरी तोही गळणार. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपमध्ये ऑइलचा पातळ थर दाखवून कुणी टर्बो गेला म्हणालं तर मान डोलावू नका. ब्रीदरच्या वाफेने तेवढं ओलं होतंच.

घाटवाट
जळकट वास येतो, पण सिग्नलला थांबलो की. मला वाटायचं पुढच्या टेम्पोचा आहे. कुंभार्ली जाताना तर उतरायचाच आहे ना?

बारा_तेराचा_पाना
म्हणूनच जाताना तिथे काही होणार नाही, आणि तुम्ही इथे येऊन "बघा, काही झालं नाही" लिहाल. चढ परतीला आहे. आणि वाटेतला खंबाटकी घाट विसरलात का?

घाटवाट
आज रविवार, मेकॅनिकला घरी बोलावून पावडरचा प्रयोग केला. शेजारच्या काकूंनी विचारलं, गाडीचं बारसं आहे का. टॅपेट कव्हर कोरडं, ब्रीदर मोकळा. टर्बोच्या वरच्या बोल्टभोवतीची पावडर मात्र चिखल झाली होती. टर्बोचा शाफ्ट हलवून बघितला, सैलपणा नाही. टर्बो ठणठणीत! बोल्ट खोलून बसवायचे ४०० रुपये घेतले. पाना जिंकले, ५८ हजारही वाचले.

बारा_तेराचा_पाना
वॉशर नवे टाकले ना?

घाटवाट
दुकान बंद होतं. त्याने जुनेच गॅसवर लाल होईपर्यंत तापवले, पाण्यात टाकले आणि परत लावले. म्हणाला, तांबं मऊ होतं, बसतं.

जुना_डिझेलवाला
बरोबर केलं. आम्ही वर्षानुवर्षं तेच करत आलोय.

बारा_तेराचा_पाना
मऊ होतं हे मान्य. पण एकदा चेपून पातळ झालेला वॉशर पुन्हा जाड होतो का? दोन वॉशर पन्नास रुपयांत येतात!

चेंबर_नट
पावडरचा डबा डिकीत ठेवा. कुंभार्ली चढून आलात की कोयनानगरला बॉनेट उघडून बघा.