पावसाळ्याआधी कांदाटी खोऱ्यात काय न्यावं?

फटफटीवाला_सातारा: आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे. गेल्या वर्षी लाँचनं कोयना धरणाच्या पाण्यापलीकडं कांदाटी खोऱ्यात जाऊन एका कातकरी वस्तीवर आणि धनगरवाड्यावर बिस्किटं, नूडल्स वाटून आलो. पोरं खूश, फोटोबिटो झाले, पण एक आजी पुडा उलटापालटा करून म्हणाली "ह्ये किती दिस पुरायचं?" तेच डोक्यात बसलंय. यंदा मे मध्येच जायचंय, बजेट वीसेक हजार, तांदूळ-डाळ न्यावी का?

पलीकडचा: मी तिकडचाच. आमची नदीकाठची भातखाचरं कोयनेच्या पाण्यात गेली, वर उरली ती नाचणी-वरीची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, आणि तिथं गवा-डुक्कर राखण केली तरी ठेवत नाय. पण खरी गंमत रेशनच्या गव्हाची आहे. गहू लाँचनं आणायचा आणि दळायला परत लाँचनंच न्यायचा, पावसात तर विचारूच नका, मग लोक येईल त्या भावात देऊन टाकतात. जातं दोन-तीन घरात उरलंय, तेबी म्हाताऱ्या माणसांकडं. तांदूळ नेऊ नका, एक घरगुती गिरणी न्या.

अंगणवाडीताई: गिरणी चांगली, पण आधी कार्डं बघा. कातकरी आदिम जमातीत येतात, अंत्योदयला (सगळ्यात गरीब घरांची रेशन योजना) पात्र आहेत, म्हणजे माणसं किती का असेनात कार्डावर महिन्याला ३५ किलो. पण पोराचं लग्न होऊन दोन लेकरं झाली तरी नाव बापाच्याच कार्डावर, मग त्या ३५ मध्येच दोन चुली. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात तिथंही त्याच कार्डावर रेशन मिळतं, 'एक देश एक रेशन कार्ड', हे कित्येकांना कुणी सांगितलेलंच नाही. आणि सांगितलं तरी विटा उचलून बोटं इतकी झिजलेली की रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही. अजून एक, सातारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात (सरकारनं आदिवासी भाग म्हणून जाहीर केलेल्या) नाही, त्यामुळे गरोदर बायकांना गरम जेवण देणारी अमृत आहार योजना इकडं येतच नाही, पोट मात्र नंदुरबारवालीला आहे तसंच इथल्या बाईलाही आहे ना.

डोंगरभटक्या: पण त्यांना रानातलं सगळं मिळतं की, रानभाज्या, कंद वगैरे. एकदम ऑरगॅनिक 😄

पलीकडचा: @डोंगरभटक्या कडूकंद खाल्लाय का कधी? चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग वाहत्या पाण्यात ठेवायच्या तेव्हा कुठं कडूपणा जातो. कमी धुतला तर रात्रभर उलट्या. हौसेनं कोण खात नाय ते.

फटफटीवाला_सातारा: बरं झालं विचारलं. एक एचपीची गिरणी बजेटात बसतेय, सिंगल फेजवर चालते. पण तिकडं लाईट असते का? आणि ताई, कार्ड वेगळं करायचे फॉर्म आम्ही भरून दिले तर चालतील का?

अंगणवाडीताई: भरा की. आधार आणि जुन्या कार्डाची झेरॉक्स लागेल, वस्तीवर झेरॉक्स कुठली, इथूनच काढून न्या. नंतर तहसीलला खेटे घालायची तयारी ठेवा.

पलीकडचा: लाईट पावसात चार-चार दिवस जाते, तरी आठवड्यातनं एकदा आली तरी दळण निघतं. गिरणी लाँचवर चढवायला चार माणसं पायजेत, रविवार असला तर मीबी येतो. नाचणीचं बी तेवढं नेऊ नका, ते आमच्या कणगीत हाय, येताना तुम्हालाच बांधून देतील.