मुंबई–लंडन 7,200 किमी, मग विमानाला 10 तास का लागतात?

सह्यवारा:
आई-बाबांसाठी नोव्हेंबरचं मुंबई–लंडन थेट विमान बघतोय. अंतर 7,200 किमी, विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे 8 तास व्हायला हवेत. तिकिटावर जाताना 10 तास, येताना पावणेनऊ. शिवाय दुपारी 1 ला सुटून संध्याकाळी साडेपाचला पोहोचतं. हिशेब कसा लावायचा? बाबांना दर 12 तासांनी गोळी असते.

अक्षांश:
7,200 हा आकडा बरोबर आहे, पण ते गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून बघा: बलुचिस्तान, इराण, काळ्या समुद्राची उत्तर बाजू, युक्रेन, पोलंड अशी ती रेघ जाते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हे लक्षातच येत नाही.

या रेघेवरून आज विमान नेता येत नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये नागरी विमानांना बंद झालं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि पुढे ती मुदत महिन्या-महिन्यानं वाढवत नेली. अशा वेळी भारतीय विमान आधी अरबी समुद्रावरून ओमानच्या अंगाला जातं आणि मग उत्तरेकडे वळतं. परदेशी कंपन्यांवर ही बंदी नव्हती, त्यामुळे दोन कंपन्यांच्या वेळांत फरक दिसला तर तो मार्गाचाही असू शकतो. तिकीट काढण्याआधी तेव्हाची स्थिती बघून घ्या.

वाऱ्याची_दिशा:
जाण्या-येण्यातला फरक मात्र वाऱ्याचा. 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात आणखी जोरात. 900 हा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नाही.

उदाहरणादाखल प्रत्यक्ष मार्ग 7,700 किमी आणि वाऱ्याचा सरासरी परिणाम ताशी 80 धरा. जाताना 7,700 ÷ 820 = साधारण 9 तास 25 मिनिटं. येताना 7,700 ÷ 980 = 7 तास 50 मिनिटं. यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढताना-उतरताना कमी असलेला वेग आणि हीथ्रोवर उतरण्याआधीच्या घिरट्या यांचा पाऊण तास मिळवा. तिकिटावरची वेळ दारापासून दारापर्यंतची असते, हवेतली नव्हे.

मध्यरात्र:
घड्याळाचं सोपं आहे. नोव्हेंबरात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुपारी 1 अधिक 10 तास म्हणजे आपले रात्रीचे 11, तिथले संध्याकाळचे साडेपाच. परतीला रात्री 9 ला निघालं तर आपल्याकडे पहाटेचे अडीच झालेले असतात. पावणेनऊ तासांनी मुंबईत सकाळचे सव्वाअकरा.

गोळीसाठी बाबांचं मनगटी घड्याळ प्रवासभर भारतीय वेळेवरच ठेवा, फोन आपोआप बदलतो. तिथं गेल्यावर वेळ कशी सरकवायची ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, इन्सुलिन असेल तर नक्कीच. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसकट.

सह्यवारा:
आभार! परतीचं मार्चअखेरीस आहे, तेव्हाही हाच फरक?

मध्यरात्र:
तारीख बघा. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये रात्री 1 चे थेट 2 वाजतात, म्हणजे त्या दिवसापासून फरक साडेचार तास. त्याच सुमारास उन्हाळी वेळापत्रकही लागू होतं, म्हणून आदल्या आठवड्यात विमानाची वेळ पुन्हा तपासा आणि मगच विमानतळावर जायची गाडी ठरवा.